फिरतीवरचा गॅस

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कळव्यातल्या शाळेची सहल माळशेज घाटाकडे निघाली होती. पहाटे साडेपाचला बस फाटकाशी लागली. पन्नास मुले, चार शिक्षक आणि एक आचारी. आचाऱ्याने पातेली, शेगडी आणि गॅसचा सिलिंडर मागच्या बाकाखाली सरकवला. सिलिंडर उभा मावेना, म्हणून तो आडवा केला. कल्याण मागे पडले. मुरबाडच्या अलीकडे मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, कुजक्या कोबीसारखा वास येतोय."

बस थांबवली, मुलांना खाली उतरवले. आचारी म्हणाला, "काही नाही हो सर, भरलेल्या टाकीला येतोच थोडा वास. काडी ओढून बघू का?" त्याला हाताला धरून मागे ओढावे लागले. सिलिंडर बाहेर काढून शेतात उभा केला आणि झडपेच्या तोंडाशी साबणाचे पाणी लावले. बारीक बारीक बुडबुडे येऊ लागले. झडपेतली रबरी रिंग झिजली होती. त्या दिवशी काहीच विपरीत घडले नाही. मुलांनी वडापाव खाल्ला आणि सहल पार पडली.

पण तो वास, ती आडवी टाकी आणि ती काडी माझ्या डोक्यातून गेली नाही. गॅस प्रवासाला कधीपासून निघाला आणि त्या प्रवासात माणूस काय काय शिकला, याचा शोध घेत गेलो. तो इतिहास आपल्या सर्वांच्या, विशेषतः सहली नेणाऱ्या शिक्षकांच्या उपयोगाचा आहे.

डब्याखालचा वायू

ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत जाणारा, म्हणजे आमच्या कळव्यावरून जाणारा लोहमार्ग १८५४ साली सुरू झाला. त्या काळी आगगाडीच्या डब्यात उजेड पाडायचा तर तेलाचा दिवा हाच मुख्य मार्ग होता. दिवा धूर करी, हिंदकळे आणि विझे. शहरांतल्या रस्त्यांवर मात्र कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लागू लागले होते. मुंबईच्या रस्त्यांवर ते १८६५ मध्ये आले. हाच वायू डब्यात का नेऊ नये, असा विचार युरोपात सुरू झाला.

अडचण अशी होती की कोळशाचा वायू दाबून टाकीत भरला, तर त्यातले चांगला उजेड देणारे घटक वेगळे होऊन खाली बसत आणि ज्योत मलूल होई. बर्लिनच्या युलियस पिंच यांच्या कारखान्याने यावर तोड काढली. त्यांनी खनिज तेल तापवून त्याचा वायू केला. हा वायू दाबून भरला तरी त्याचा उजेड फारसा कमी होत नसे. १८७० नंतरच्या दशकांत डब्याच्या तळाखाली बसवलेल्या पिंच वायूच्या टाक्या युरोपभर आणि अमेरिकेतही दिसू लागल्या. प्रवाशांना रात्री वर्तमानपत्र वाचता येऊ लागले.

या सोयीची किंमत पुढे कळली. इंग्लंडमध्ये हॉज जंक्शनजवळ २४ डिसेंबर १९१० रोजी दोन गाड्यांची टक्कर झाली. फुटलेल्या टाक्यांतला वायू पेटला आणि बारा प्रवासी दगावले. १९१३ साली जवळच आइस गिल येथे तसाच अपघात झाला. मग २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडच्या सीमेवर क्विंटिन्सहिल येथे सैनिकांनी भरलेली गाडी उभ्या असलेल्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर तिसरी गाडी येऊन धडकली. सैनिकांचे डबे लाकडी होते आणि त्यांच्या टाक्या नुकत्याच भरलेल्या होत्या. दोनशेहून अधिक माणसे गेली. आग दुसऱ्या दिवशीपर्यंत धुमसत होती.

या टकरी वायूमुळे झाल्या नव्हत्या. क्विंटिन्सहिलला चूक सिग्नलवाल्यांची होती. पण टक्कर होऊनही जे वाचले असते, त्यांना वायूने वाचू दिले नाही. त्यानंतर डब्यांत विजेचे दिवे आणण्याचा आग्रह वाढला. पहिला धडा असा, की इंधनाचा साठा आणि माणसे एकाच बंद डब्यात असतील, तर एरवी किरकोळ ठरणारा अपघातही जीवघेणा होतो.

मोटारीच्या टाकीतून सुटलेला वायू

आज आपण स्वयंपाकाला वापरतो तो वायू वेगळा आहे, पण त्याचाही जन्म प्रवासातच झाला. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये वॉल्टर स्नेलिंग नावाचा रसायनशास्त्रज्ञ सरकारी खाण विभागात काम करत होता. एका मोटारवाल्याने तक्रार केली, की विकत घेतलेले पेट्रोल घरी पोचेपर्यंत बरेचसे उडून जाते, अशी हकिगत सांगतात. स्नेलिंगने ते पेट्रोल बाटलीत भरले, तर बूच सारखे उडू लागले. त्यातून निघणारे वायू त्याने वेगळे केले. ते होते मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. थोड्याशा दाबाखाली ते द्रवरूप होतात आणि दाब काढला की पुन्हा वायू होतात. १९१३ साली त्याने या शोधाचे पेटंट मिळवले.

पिंचच्या टाकीत वायू दाबून भरलेला असे. या नव्या टाकीत द्रव मावतो आणि एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. त्यामुळे लहानशा टाकीत महिनाभराचा स्वयंपाक बसू लागला. पण हाच आकडा उलट बाजूनेही वाचायला हवा. टाकी आडवी केली, की झडपेच्या तोंडाशी वायूऐवजी द्रव येतो. गळतीतून एक पेला द्रव निसटला, तर त्यामागे अडीचशे पेले वायू असतो. म्हणूनच सिलिंडर नेहमी उभा ठेवावा असे सांगतात.

वास कोठून आला?

हा वायू मुळात बिनवासाचा आहे. मुलीला आलेला कुजक्या कोबीचा वास मुद्दाम घातलेला असतो. त्यासाठी मर्कॅप्टन वर्गातले गंधकयुक्त रसायन मिसळतात. वायूत वास मिसळण्याची कल्पना जुनीच होती, पण तिला कायद्याचे बळ मिळाले ते एका शाळेमुळे. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावातल्या शाळेत गरम हवेसाठी तेलविहिरींतला नैसर्गिक वायू वापरत. तो स्वस्त होता आणि बिनवासाचा होता. इमारतीच्या तळाशी तो गळून साठत राहिला आणि कोणालाच कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी, शाळा सुटायला थोडाच वेळ राहिला असताना, एक ठिणगी पडली. सुमारे तीनशे विद्यार्थी आणि शिक्षक मृत्यू पावले. काही आठवड्यांतच टेक्सासने वायूत वास मिसळणे सक्तीचे केले आणि पुढे जगभर ती रीत झाली.

आमच्या बसमधल्या मुलांना सावध करणारा वास त्या मुलांची देणगी आहे, असे मला नेहमी वाटते.

स्टोव्ह गेला, टाकी आली

आपल्याकडे प्रवासात स्वयंपाक म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह. स्टोव्ह, पिन, रॉकेलचा डबा आणि शिधा घेऊन काशी-रामेश्वर करणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. १९५५ साली मुंबईत बर्मा शेलने 'बर्शेन' नावाने द्रवरूप वायू विकायला सुरुवात केली. १९६५ मध्ये 'इंडेन' आला. हळूहळू चाळीतल्या स्वयंपाकघरांतून स्टोव्ह गेला आणि प्रवासातल्या सामानातूनही गेला.

पण माणसाच्या सवयी रॉकेलच्याच राहिल्या. रॉकेल सांडले की डाग दिसतो, पुसून टाकता येतो. ते खोलीभर पसरत नाही आणि काडी लांब ठेवली तर सहजी पेटत नाही. गॅस सांडला तर डोळ्यांना दिसत नाही, पुसता येत नाही आणि ठिणगीकडे स्वतःहून चालत जातो. आचाऱ्याची काडी ही रॉकेलच्या काळातली सवय होती.

या सवयीचे फळ २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत दिसले. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा एक खासगी डबा गाडीपासून सोडवून मदुराई स्थानकाच्या आवारात उभा होता. पहाटे काही जण डब्यातच चोरून आणलेल्या सिलिंडरवर चहा करू लागले आणि आग लागली. किमान नऊ जण मरण पावले. रेल्वेतून असे पदार्थ नेण्यास १९८९ च्या रेल्वे अधिनियमाने बंदी आहे आणि त्यासाठी कलम १६४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डबा उभा होता, टक्कर झाली नव्हती, तरीही क्विंटिन्सहिलचाच धडा पुन्हा गिरवला गेला.

वर्गात करून पाहा

हे मुलांना कसे दाखवायचे? गॅस वर्गात आणायचा नाही. आपल्या हाताशी त्याचा एक निरुपद्रवी जोडीदार आहे. प्रोपेनमध्ये कार्बनचे तीन आणि हायड्रोजनचे आठ अणू असतात, म्हणून त्याचा रेणुभार ३६ अधिक ८, म्हणजे ४४. कार्बन डायॉक्साइडचा रेणुभार १२ अधिक ३२, म्हणजे तोही ४४! हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. म्हणजे दोन्ही वायू हवेच्या दीडपट जड आहेत. ब्युटेन तर ५८, म्हणजे दुप्पट जड.

एका मोठ्या, उघड्या काचेच्या भांड्यात एक बुटकी आणि एक उंच मेणबत्ती लावा. दुसऱ्या पेल्यात खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओता. फेस बसला की पेला भांड्याच्या कडेशी तिरपा करा, म्हणजे द्रव न सांडता फक्त वायू ओतला जाईल. बुटकी मेणबत्ती आधी विझेल. न दिसणारा वायू पाण्यासारखा ओतला जातो आणि तळापासून साठत जातो, हे मुले डोळ्यांनी पाहतील. गळलेला गॅसही बसच्या तळाशी असाच साठतो. फरक एवढाच, की तो ज्योत विझवत नाही.

मोठ्या मुलांना हिशोब द्या. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की ते मिश्रण पेटू शकते. बसच्या आतली जागा ढोबळमानाने ४० घनमीटर धरू. त्याचे दोन टक्के ०.८ घनमीटर, म्हणजे सुमारे दीड किलो गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. आणि गॅस तळाशीच साठत असल्याने दीड किलोचीही वाट पाहावी लागत नाही.

सहलीला निघताना

परदेशात स्वयंपाकघर असलेल्या मोटारी घेऊन कुटुंबे फिरतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानेही कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चांगल्या कॅराव्हॅनमध्ये सिलिंडरचा कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद असतो, तो फक्त बाहेरून उघडतो आणि त्याच्या तळाला भोके असतात. भोके तळालाच का, हे मेणबत्तीचा प्रयोग केलेले मूल लगेच सांगेल. गाडी चालू असताना टाकीची झडप बंद ठेवतात. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेत नाहीत, कारण अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो.

आषाढीला दिंड्यांच्या ट्रकमधून शेगड्या आणि टाक्या जातात, लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर जातात, शाळेच्या सहलीबरोबरही जातात. प्रवाशांच्या गाडीत टाकी न्यायचीच नाही, हा सर्वांत सोपा नियम. स्वयंपाक करायचाच असेल, तर टाकी वेगळ्या, उघड्या वाहनातून, उभी बांधून, झडपेवर टोपी घट्ट बसवून न्यावी. चूल उघड्यावर मांडावी, राहुटीत नाही. घरगुती टाकी घरच्या स्वयंपाकासाठीच असते, आचाऱ्याने व्यावसायिक टाकी आणायला हवी. वास आला तर कोणतेही बटण दाबू नये, काडी ओढू नये. माणसे दूर न्यावीत आणि मग १९०६ या क्रमांकावर कळवावे.

आमच्या शाळेची सहल अजूनही निघते. मुले डबे घरून आणतात आणि दुपारचे जेवण मुक्कामाच्या गावी सांगून ठेवलेले असते. आचाऱ्याच्या हातचा गरम भात आठवून एखादा शिक्षक कुरकुरतो. मग सहलीच्या आदल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात मेणबत्त्यांचा प्रयोग होतो आणि त्या कुरकुरणाऱ्या शिक्षकालाच मी तो करायला सांगतो.