पेट्रोलच्या ट्रकात डिझेलचं इंजिन : आपल्या मालवाहतुकीचा एक विसरलेला इतिहास



पंपाच्या इंजिनाबद्दल लिहिलं होतं, त्यावर दोघा-तिघांनी विचारलं की पूर्वी आपल्याकडे ट्रकचंसुद्धा इंजिन बदलून दुसरंच बसवायचे, ते खरं का? खरं आहे. आपला कांदा, वाल, नारळ, सुपारी आणि म्हावरं मुंबईला कसं पोचत होतं, त्याचाच हा इतिहास आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आपल्या किनाऱ्याचा माल आधी पाण्यावरूनच जायचा. मचवे, पडाव, गलबतं. पावसाळ्यात दर्या बंद झाला की माल घरात. ट्रक आला तेव्हा ही अडचण थोडी सुटली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि तिथून शेवरलेट ट्रक बाहेर पडू लागले. पुढे १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो हे ट्रक आले. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने फोर्ड, शेवरलेट, डॉज अशा जुन्या गाड्या विकायला काढल्या, त्याही खासगी मालकांकडे आल्या. या बहुतेक सगळ्या गाड्या पेट्रोलच्या. युद्धात पेट्रोल रेशनवर होतं तेव्हा गाडीला भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या, हे जुन्या लोकांकडून तुम्हीही ऐकलं असेल.

मग झालं काय, की १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवलं, नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडायच्या नाहीत, इथे बनवायच्या. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. ट्रक रस्त्यावर राहिले, त्यांचे स्पेअर पार्ट आटत गेले. चेसिस दणकट, पाटे चांगले, हौदा चांगला, पण इंजिन दमलेलं आणि पेट्रोल पिणारं. मालकाने काय करायचं? नवा ट्रक घ्यायची ऐपत नाही. गाडी भंगारात दिली तर धंदा बंद. तिथून इंजिन बदलण्याचा उद्योग वाढला.

डिझेलच का, तर हिशेब सरळ आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाचं इंजिन १८९७ साली नीट चाललं. त्यात ठिणगी लागत नाही, हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटतं. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा सहा-सात पट दाबली जायची, डिझेलमध्ये सोळा-सतरा पट. त्यामुळे तेवढ्याच तेलात काम जास्त. पण पहिली डिझेल इंजिनं अवजड होती, जहाजाला आणि गिरणीला ठीक. इंग्लंडमध्ये फ्रँक पर्किन्सने १९३२ मध्ये कंपनी काढून गाडीला चालेल असं जलद फिरणारं डिझेल बनवलं. त्याचं सहा सिलिंडरचं पी-६ इंजिन १९३७ चं. तेच पुढे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने इथे बनवलं आणि प्रीमियरच्या ट्रकांतही पर्किन्स डिझेल आलं. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले, १९५५ मध्ये अशोक लेलँड आली. बंगळूरची मायको १९५१ ची, तिने डिझेलचे पंप आणि नोझल देशात बनवले. म्हणजे इंजिन, पंप, नोझल सगळं हाताशी आलं.

आपल्याकडे डिझेल कळणारा माणूसही होता. शेतात आणि भात गिरणीत डिझेल इंजिनं होती, आणि पन्नास सालानंतर होड्यांनाही मशीन बसू लागली. होडीचं इंजिन खोलणारा फिटर ट्रकच्या इंजिनाला का घाबरेल?

आता काम कसं करायचे ते सांगतो.

पहिलं म्हणजे चेसिस तपासणं. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारट पाणी सतत ठिबकतं, त्याने चेसिस आतून खातो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरंच जड. कुजक्या चेसिसवर ते चढवलं तर पट्टी फाटणार. पुढच्या पाट्यांत एखादं पान वाढवायलाच लागायचं.

दुसरं, इंजिन आणि गेअर बॉक्सचं लग्न. दोन्हीची भोकं जुळत नाहीत, म्हणून टर्नरकडून लेथवर जाड लोखंडी प्लेट बनवून मध्ये घालायची. इथे दोन्हीचा मध्य एका रेषेत यायला हवा. केसभर फरक राहिला तरी क्लच थरथरतो, बेअरिंग आवाज करतं, टॉप गेअर आपोआप सुटतो. मग मिस्त्री गेअर बॉक्सला दोष देत बसतो आणि दोष असतो प्लेटमध्ये.

तिसरं, वीज. जुन्या अमेरिकन गाड्या बऱ्याचदा सहा व्होल्टच्या. एवढ्या दाबाचं डिझेल फिरवायला तो सेल्फ पुरत नाही. बारा व्होल्टचा सेल्फ, मोठी बॅटरी, जाड वायर, सगळं नवीन.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा आतल्या पाइपात पोकळी तयार होते. तिच्यावरच ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलला तशी पोकळी मिळत नाही, त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो न लावता गाडी रस्त्यावर काढली तर सपाटीला कळतसुद्धा नाही. भरलेली गाडी कार्लेखिंड किंवा कशेडी उतरताना कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. काटकसर करायची ती कुठे आणि कुठे नाही, याचं हे उदाहरण.

शिवाय डिझेल कमी फेऱ्यांत ताकद देतं. जुना क्राउन-पिनियन तसाच ठेवला तर इंजिन बोंबलतं आणि गाडी पळत नाही. जाणकार तोही बदलायचे.

गाडी चालू झाल्यावर बिघाड ओळखायची रीत आजही तीच आहे. मध्येच बंद पडली, परत लागत नाही, तर आधी एअर बघा. टाकीपासून पंपापर्यंत कुठला तरी वॉशर हवा ओढतो. फिल्टरपासून सुरुवात करून नट ढिले करत एअर काढायची, बुडबुडे थांबले की आवळायचं. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर आणि नोझल बघा. निळा म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर टायमिंग मागे आहे किंवा पाणी आत जातंय. चढाला गरम होत असेल तर जुना रेडिएटर अपुरा पडतोय. खारेपाटातलं मचूळ पाणी रेडिएटरला घातलं की आतून गंज धरतो, हे वेगळं सांगायला नको.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्चं तेल साधारण ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेलं. आपल्याकडे सरकारने डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवलं होतं. मग ट्रकच नाही, जीपही बदलू लागल्या. महिंद्राने तर त्याच दशकात स्वतःच बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपला दिलं. नांगराचं इंजिन रस्त्यावर धावलं! पुढे आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं इंजिन जीपमध्ये आणि अ‍ॅम्बेसिडरमध्ये बसवायची लाटच आली. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इंजिन आणायचं आणि गावात बसवायचं.

आता ते दिवस गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारने मोकळा केला, पेट्रोलशी असलेला फरक कमी झाला. इंजिन नंबर आरसी बुकात असतो, आरटीओच्या मंजुरीशिवाय बदल केला तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून ही पोस्ट वाचून कोणी लगेच पाने-स्क्रूड्रायव्हर काढू नका.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या लोकांनी गाडी टाकून दिली नाही, म्हणून त्या काळात छोट्या बागायतदाराला भाड्याने ट्रक मिळाला आणि माल वेळेत बाजारात लागला. आता जुन्या गाड्यांना बॅटरी आणि मोटर बसवायची भाषा सुरू झाली आहे. तेव्हाही प्रश्न तेच येणार: चेसिस झेपेल का, ब्रेकचं काय, आणि खर्च किती वर्षांत फिटेल? हिशेब आधी, हौस नंतर.

तुमच्या गावात अशी इंजिन बदललेली गाडी होती का? कुठली होती, कुठलं इंजिन बसवलं होतं, खाली लिहा. जुना फोटो असेल तर नक्की टाका.