लीजन (दूरचित्रवाणी मालिका)

लीजन : मार्व्हल कॉमिक्समधील डेव्हिड हॅलर या पात्रावर आधारलेली अमेरिकन सुपरहिरो मालिका. निर्माते व प्रमुख लेखक नोआ हॉली. एफएक्स वाहिनीवर ८ फेब्रुवारी २०१७ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात तिची तीन पर्वे प्रसारित झाली. पहिल्या पर्वात ८, दुसऱ्यात ११ आणि तिसऱ्यात ८ असे एकूण २७ भाग आहेत. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण म्हणून मनोरुग्णालयात ठेवलेल्या तरुणाला ऐकू येणारे आवाज हे आजाराचे लक्षण की अतिमानवी शक्तीचा पुरावा, या प्रश्नापासून मालिका सुरू होते. शेवटाकडे मात्र ती वेगळ्याच उत्तरावर येते : शक्ती खरी असली म्हणून आजार खोटा ठरत नाही आणि आजार खरा असला म्हणून दुसऱ्याला केलेली इजा माफ होत नाही.

पूर्वपीठिका

डेव्हिड हॅलर हे पात्र लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार बिल सिंकेविच यांनी घडवले. ‘द न्यू म्यूटंट्स’ या कॉमिकच्या १९८५ मधील २५व्या अंकात ते प्रथम आले. एक्स-मेनचा संस्थापक चार्ल्स झेव्हियर आणि नाझी छळछावणीतून वाचलेली गॅब्रिएल हॅलर यांचा हा मुलगा. कॉमिकमध्ये बालपणीच्या एका दहशतवादी हल्ल्याच्या आघाताने त्याचे मन दुभंगते. त्यातून निर्माण झालेली प्रत्येक व्यक्तिरेखा त्याच्या एकेका शक्तीवर ताबा ठेवते. जॅक वेन मनोबळाने वस्तू हलवतो, सिंडी आग लावते, तर जेमाईल करामी दुसऱ्यांची मने वाचतो. त्या काळी या विकाराला बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९९४ पासून त्याचे नाव बदलले. मालिकेने ही आखणी जशीच्या तशी घेतली नाही. पडद्यावरच्या डेव्हिडच्या माथी सुरुवातीला स्किझोफ्रेनियाचे निदान आहे आणि त्याची अनेक रूपे पुढे टप्प्याटप्प्याने उघड होतात.

निर्मिती

एक्स-मेन पात्रांचे चित्रपट हक्क त्या वेळी फॉक्स समूहाकडे होते. त्यामुळे एफएक्स प्रॉडक्शन्स आणि मार्व्हल टेलिव्हिजन यांनी मालिकेची संयुक्त निर्मिती केली. हॉली हे २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘फार्गो’ मालिकेमुळे नावारूपाला आले होते. ‘लीजन’चा पहिला भाग त्यांनीच दिग्दर्शित केला. पहिल्या पर्वाचे चित्रीकरण कॅनडातील व्हँकूव्हर येथे झाले, पुढची दोन्ही पर्वे कॅलिफोर्नियात चित्रित झाली. चित्रपटांच्या कथानकाशी मालिकेचा सांधा जाणूनबुजून सैल ठेवला होता. तिसरे पर्व शेवटचे असेल, हे ते प्रसारित होण्यापूर्वीच जाहीर झाले होते, त्यामुळे कथा अर्धवट तुटली नाही.

डेव्हिडची भूमिका डॅन स्टीव्हन्स यांनी केली. सिड बॅरेट (रेचेल केलर), लेनी बस्कर (ऑब्री प्लाझा), डेव्हिडची बहीण ॲमी (केटी ॲसलटन), डॉ. मेलनी बर्ड (जीन स्मार्ट), ऑलिव्हर बर्ड (जेमेन क्लेमंट) आणि अमाल फारूक (नावीद नेगाहबान) ही अन्य प्रमुख पात्रे. केरी आणि कॅरी लाउडरमिल्क (अँबर मिडथंडर आणि बिल अर्विन) ही एकाच शरीरात राहणारी दोन माणसे आहेत. लेनी ही मुळात मध्यमवयीन पुरुषाची भूमिका होती. ती प्लाझा यांच्याकडे गेल्यावरही संवाद बाईच्या तोंडी शोभतील असे बदलू नयेत, असा त्यांनीच आग्रह धरला.

कथानक

पहिले पर्व : डेव्हिड ‘क्लॉकवर्क्स’ नावाच्या मनोरुग्णालयात आहे. त्याची मैत्रीण लेनीही तिथेच दाखल आहे. वाढदिवसाला बहीण कपकेक घेऊन भेटायला येते; रुग्णालयातला दिवस गोळ्या, गटचर्चा आणि टीव्ही यांत जातो. तिथे आलेल्या सिडला कोणी अंगाला हात लावलेला चालत नाही, कारण स्पर्श झाला की दोघांची शरीरे अदलाबदल होतात. तिच्या सुट्टीच्या दिवशी डेव्हिड तिचे चुंबन घेतो आणि रुग्णालयात अनर्थ घडतो. ‘डिव्हिजन ३’ ही सरकारी यंत्रणा त्याच्या मागे लागते, तर मेलनी बर्डचा ‘समरलँड’ हा गट त्याला आश्रय देतो. तू आजारी नाहीस, शक्तिमान आहेस, असे तिथे त्याला सांगितले जाते. मग कळते की तान्हेपणापासून त्याच्या मनात एक परजीवी ठाण मांडून बसला आहे. लहानपणीचा कुत्रा, पिवळ्या डोळ्यांचा सैतान आणि मैत्रीण लेनी ही सगळी त्याचीच रूपे. हा परजीवी म्हणजे शॅडो किंग ऊर्फ अमाल फारूक. पर्वाच्या अखेरीस तो डेव्हिडच्या डोक्यातून निघून ऑलिव्हरच्या शरीरात शिरतो.

दुसरे पर्व : माणसे जागच्या जागी थिजतात आणि त्यांचे दात कडकड वाजत राहतात, अशी साथ पसरली आहे. डेव्हिड आता डिव्हिजन ३ बरोबर फारूकचा शोध घेतो. फारूक ॲमीच्या शरीराचे लेनीच्या शरीरात रूपांतर करतो, म्हणजे बहिणीच्या मृत्यूतून मैत्रीण परत येते. शेवटी फारूक हरतो, पण तोवर सिडचा डेव्हिडवरचा विश्वास उडालेला असतो. डेव्हिड तिची स्मृती पुसून तिच्याशी शरीरसंबंध ठेवतो. सत्य कळल्यावर सिड त्याला स्पष्ट शब्दांत जाब विचारते. साथीदार त्याच्यापुढे उपचारांचा पर्याय ठेवतात. तो नाकारून डेव्हिड लेनीसह पळून जातो.

तिसरे पर्व : डेव्हिड एका पंथाचा म्होरक्या बनला आहे. आपली चूक सुधारण्याऐवजी भूतकाळच बदलायचा, हे त्याने ठरवले आहे. त्यासाठी तो कालप्रवास करू शकणाऱ्या स्विच (लॉरेन त्साई) या मुलीला हाताशी धरतो. प्रत्येक फेरीगणिक तिची प्रकृती खालावते, दात पडू लागतात, तरी तो थांबत नाही. अखेरीस तो आपल्या आईवडिलांच्या तरुणपणात पोहोचतो. चार्ल्स आणि गॅब्रिएल यांची भेटही मनोरुग्णालयातच झाली होती, हे इथे कळते. शेवटचा तिढा युद्धाने सुटत नाही. चार्ल्स आणि फारूक समेट करतात, तान्ह्या डेव्हिडला आईवडिलांचा सहवास मिळण्याची वाट मोकळी होते आणि आताचे डेव्हिड व सिड नाहीसे होतात.

शैली

कथा कोणत्या दशकात घडते हे मालिका सांगत नाही. कपडे व सामानसुमान १९६०च्या दशकातील, तर यंत्रे भविष्यातील वाटतात. प्रसंग स्मृतीतला की प्रत्यक्षातला, याचाही उलगडा लगेच होत नाही. पडद्याची चौकट मध्येच अरुंद होते आणि मधूनच नृत्य सुरू होते. पहिल्या भागाची सुरुवात द हू या बँडच्या गाण्यावर होते. बाळाचा खट्याळ मुलगा, मुलाचा बिथरलेला तरुण आणि त्या तरुणाचा गळफासाचा प्रयत्न, एवढा सगळा प्रवास त्या एका गाण्यात संवादाविना उरकतो.

सातव्या भागातील प्रसंग मालिकेच्या पद्धतीचा चांगला नमुना आहे. डेव्हिड स्वतःच्याच मनात कोंडला गेला आहे. तिथे त्याची विवेकबुद्धी त्याच्याच रूपात, पण ब्रिटिश उच्चारात बोलत समोर येते. स्टीव्हन्स मूळचे इंग्लंडचे असून एरवी ही भूमिका अमेरिकन उच्चारात करतात, म्हणून हा बदल लगेच कानाला जाणवतो. दोघे एका वर्गात फळ्यावर खडूने चित्रे काढतात, ती चित्रे हलू लागतात आणि डेव्हिड आपल्या जन्माची हकिकत स्वतःच जुळवतो. त्यानंतरचा पाठलाग मूकपटासारखा, पाट्यांसह, रॅव्हेलच्या ‘बोलेरो’वर बेतलेल्या संगीतावर चालतो.

संगीतकार जेफ रूसो यांनी पिंक फ्लॉइड या बँडच्या ध्वनीवरून प्रेरणा घेतली. सिड बॅरेट हे नावही त्याच बँडच्या संस्थापक सदस्याचे आहे. मानसिक प्रकृती ढासळल्यामुळे तो १९६८ मध्ये बँडपासून दुरावला होता.

मानसिक आजाराचे चित्रण

रुपेरी पडद्यावर मनोरुग्ण बहुधा बाहेरून दिसतो, डॉक्टरच्या, पोलिसाच्या किंवा घाबरलेल्या शेजाऱ्याच्या नजरेतून. ‘लीजन’चा प्रेक्षक डेव्हिडच्या डोक्यात बसलेला असतो. त्याला जे दिसते त्यापलीकडचे प्रेक्षकाला काही कळत नाही. त्यामुळे भास होणाऱ्या माणसाचा मुख्य त्रास, म्हणजे आपल्याच ज्ञानेंद्रियांवर भरवसा ठेवता न येणे, प्रेक्षकाच्याही वाट्याला येतो.

दुसऱ्या पर्वात जॉन हॅम यांच्या आवाजातील छोटी निवेदने आहेत. भ्रम कसा जन्मतो ते त्यांत शाळेतल्या पाठासारखे समजावले जाते. भ्रमाची कल्पना इतर कल्पनांसारखीच अंड्यातून बाहेर पडते, फक्त पिल्लू भलतेच निघते. आपला पाय आपला नाहीच, अशी खात्री झालेल्या माणसाची गोष्टही त्यांत येते. भ्रमिष्टाला स्वतःचा तर्क अगदी चोख वाटतो, हे या निवेदनांचे सूत्र. तिसऱ्या पर्वातला डेव्हिड त्याच तर्काने चालतो : माझे हेतू चांगले, म्हणून मी चांगला.

पहिल्या पर्वाची मांडणी मात्र जोखमीची आहे. रुग्णाचे निदान चुकीचे आणि औषधे त्याच्या शक्तीवरचे झाकण, ही कल्पना सुपरहिरो कथेत आकर्षक वाटते. प्रत्यक्षात औषधे अचानक सोडल्याने स्किझोफ्रेनिया उलटण्याचा धोका वाढतो आणि ‘मला काही झालेलेच नाही’ ही समजूत अनेकदा आजाराचाच भाग असते. मालिका पुढे या मांडणीवर स्वतःच आक्षेप घेते. फारूक डोक्यातून गेला तरी आवाज थांबत नाहीत. दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात डेव्हिडची इतर रूपे आपसात वाद घालताना दिसतात. ‘तू आजारी नाहीस’ हे समरलँडचे आश्वासन अर्धेच खरे होते, हे तिथे उघड होते.

दोन मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुहेरी व्यक्तिमत्त्व, हा रूढ गैरसमज मालिका दूर करत नाही, उलट दोन्ही विकार एकाच पात्रात मिसळते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. पहिल्यात भास, भ्रम आणि विचारांची विस्कळीतता मुख्य, तर दुसऱ्यात ओळख व स्मृती यांची फाळणी. दुसरी मर्यादा अशी की आजारी माणसाला जगाचा संहार करू शकणारा दाखवल्याने ‘वेडा म्हणजे धोकादायक’ या समजाला बळ मिळू शकते. वास्तवात बहुसंख्य मनोरुग्ण हिंसक नसतात आणि हिंसा करण्यापेक्षा तिचे बळी ठरण्याचीच शक्यता त्यांच्या बाबतीत अधिक असते. मालिकेच्या बाजूने एवढे म्हणता येते की डेव्हिडचा सर्वांत मोठा गुन्हा ती आजाराच्या खात्यावर टाकत नाही. सिडची स्मृती पुसणे हा भास नव्हता, निर्णय होता.

प्रतिसाद व स्थान

पहिल्या पर्वाची समीक्षकांनी मोठी प्रशंसा केली, विशेषतः दृश्यरचना आणि प्लाझा यांच्या अभिनयाची. पुढे कथानक दुर्बोध होत गेल्याची तक्रारही झाली. शत्रू बाहेर असतो आणि त्याला हरवले की काम संपते, या सुपरहिरो कथेच्या ठरलेल्या साच्याला मालिकेने छेद दिला. त्याआधी २०१५ मध्ये ‘जेसिका जोन्स’ने अत्याचारानंतरच्या मानसिक आघाताचा विषय हाताळला होता. २०२२ मध्ये ‘मून नाइट’ या सहा भागांच्या मालिकेत ऑस्कर आयझॅक यांनी दुभंगलेल्या ओळखीच्या नायकाची भूमिका केली. तिथे नायकाची दोन रूपे एकमेकांशी जुळवून घेतात. ‘लीजन’ तेवढा दिलासा देत नाही. डेव्हिडला दुसरी संधी मिळते ती त्याच्या शक्तीमुळे नव्हे, तर आईबापांनी मुलाला न सोडण्याचे ठरवल्यामुळे. त्या संधीचे पुढे काय होईल, याची हमी मालिका देत नाही.