कूसीचा बुरूज

उत्तर फ्रान्समध्यें, लां आणि स्वासों या दोन जुन्या शहरांच्या दरम्यान, एका टेकडीच्या टोंकावर कूसीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. वाचक कल्पनेनें त्या तटाच्या आंत शिरला, तर त्याच्या दृष्टीस पडेल तो फुटक्या दगडांचा एक प्रचंड ढीग. मध्ययुगीन युरोपांतील सर्वांत मोठा म्हणून गाजलेला बुरूज तो हाच. हे दगड आजवर कोणीं हलविले कसे नाहींत, असें वाटणें साहजिक आहे. परंतु त्यापूर्वीं तो बुरूज कोणीं व कां बांधला हें पाहिलें पाहिजे.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कूसीचा धनी तिसरा आंगेरां हा होता. इ. स. १२१४ मध्यें बूवीनच्या रणांगणावर तो फ्रान्सच्या राजाच्या बाजूनें लढला. तथापि आपण राजाहून उणे नाहीं, ही त्याची भावना त्याच्या बांधकामांत लपत नाहीं. पॅरिस येथील लूव्रच्या राजबुरुजाची उंची सुमारें १०० फूट होती. आंगेरांचा बुरूज सुमारें १८० फूट उंच व १०० फूट व्यासाचा असून तळाशीं त्याच्या भिंतींची जाडी २० फुटांहून अधिक होती. घराण्याचें ब्रीदही याच थाटाचें होतें. आम्ही राजे नव्हे, राजपुत्र नव्हे, ड्यूक किंवा काउंटही नव्हे. आम्ही कूसीचे धनी, असा त्याचा आशय.

या अभिमानास पहिला मोठा धक्का दिला तो शत्रूच्या फौजेनें नव्हे, न्यायासनानें. तिसऱ्या आंगेरांचा मुलगा चवथा आंगेरां याच्या रानांत १२५९ च्या सुमारास तीन तरुण शिकार करतांना सांपडले. ते फ्लँडर्समधील कुलीन घराण्यांतले असून फ्रेंच भाषा शिकण्यासाठीं जवळच्या एका मठांत राहत होते. आंगेरांनें चौकशीवांचून तिघांनाही फांसावर चढविलें. ही वार्ता कानीं येतांच नववा लुई यानें त्याला पकडून लूव्रमध्यें कोंडलें. द्वंद्वयुद्धानें निवाडा व्हावा, ही आंगेरांची मागणी राजानें धुडकावून लावली. सरदारांच्या रदबदलीस न जुमानतां त्याला भारी दंड केला, मृतांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थनामंदिरें स्थापण्यास लाविलें आणि त्या रानांवरील त्याचा न्यायाधिकारही काढून घेतला. तीन प्राणांच्या मानानें ही शिक्षा थोडीच, हें खरें. पण धनी बोलेल तोच कायदा, ही समजूत त्या दिवशीं मोडली.

घराण्यांतील शेवटचा पुरुष सातवा आंगेरां. ओलीस म्हणून तो इंग्लंडांत गेला आणि १३६५ सालीं तिसऱ्या एडवर्डची कन्या इझाबेला हिचा पति झाला. सासरा व स्वदेशीचा राजा यांच्या वैरांत त्यानें कित्येक वर्षें तटस्थपणा राखिला. एडवर्ड वारल्यावर मात्र १३७७ मध्यें इंग्लंडचे सारे मानमरातब परत करून तो फ्रान्सचा झाला. पुढें १३९६ मध्यें निकोपोलिसच्या लढाईंत तो तुर्कांच्या हातीं सांपडला व दुसऱ्या वर्षीं बुर्सा येथें कैदेंतच मरण पावला. त्याची मुलगी मारी हिला १४०० सालीं कूसीची जहागीर ओर्लेआंच्या ड्यूकला विकावी लागली. त्या ड्यूकचा नातू १४९८ मध्यें बारावा लुई म्हणून गादीवर आला आणि राजाची पर्वा न करणाऱ्यांचा किल्ला राजाच्याच मालकीचा झाला!

१६५२ सालीं, फ्रोंदच्या बंडाळींत, मंत्री माझारिन याच्या हुकुमानें किल्ला निकामी करण्यांत आला. सुरुंगांनीं बुरुजाच्या आंतील कमानी कोसळल्या, पण भिंती टिकल्या. एकोणिसाव्या शतकांत वास्तुशास्त्रज्ञ व्हिओले-ल-द्युक यानें त्यांची डागडुजीही केली. पुढें पहिल्या महायुद्धांत १९१४ पासून कूसी जर्मन सैन्याच्या ताब्यांत होतें. मार्च १९१७ मध्यें माघार घेतांना किल्ला उडवून देण्याचें ठरलें. बव्हेरियाचा युवराज रुप्रेख्त हा स्वतः जर्मन सेनापति. किल्ल्यास लष्करी महत्त्व उरलेलें नाहीं, तो वांचवावा, अशी विनंति त्यानें केली. लुडेनडॉर्फनें ती मानली नाहीं. एकट्या मोठ्या बुरुजाखालीं सुमारें २८ टन दारू ठासण्यांत आली, आणि जवळजवळ सात शतकें उभा असलेला बुरूज क्षणांत जमीनदोस्त झाला.

युद्ध संपल्यावर फ्रान्सनें बुरूज पुन्हा बांधला नाहीं. बाकीच्या भिंती सांवरल्या. ढीग मात्र युद्धाची साक्ष म्हणून जागच्या जागीं ठेविला. आपल्यावर कोणी नाहीं हें दाखविण्यासाठीं आंगेरांनें ते दगड रचले होते. त्याच्या मुलाला, तूं कायद्याच्या बाहेर नाहींस, असें बजावणारा एक राजा तरी होता. लुडेनडॉर्फला तसें बजावणारा कोणी निघाला नाहीं. त्या ढिगासमोर उभें राहिल्यावर बुरुजाच्या उंचीपेक्षां याच गोष्टीचा विचार अधिक मनांत येतो.