देवी काढणाऱ्यापासून आशाताईपर्यंत



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या एका वाडीवर लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत फक्त दोन बायका बाळं घेऊन आल्या. यादीत नावं होती अकरा. आशाताई दारोदार फिरल्या. कुणी म्हणालं, बाळ मामाच्या गावाला गेलंय. कुणी म्हणालं, सर्दी झालीय. खरं कारण आम्हाला कळलं ते बचत गटाच्या बैठकीत. आधीच्या महिन्यात एका बाळाला मांडीत सुई दिल्यावर रात्री ताप भरला, मांडी सुजली, बाळ पहाटेपर्यंत रडत राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "धडधाकट लेकराला टोचून आजारी पाडलं." दोन दिवसांत बाळ हसायला-खेळायला लागलं, पण तोवर ती रात्र वाडीभर फिरली होती.

आम्ही त्या आईला विचारलं, "ताप येऊ शकतो, हे तुला कुणी सांगितलं होतं का?" ती म्हणाली, "नाही. रांग होती. टोचलं आणि कार्ड हातात दिलं."

त्याच बैठकीत आमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर आजी बसल्या होत्या. त्यांनी पदर सारून दंडावरचे दोन गोल वण दाखवले. "देवी काढणारा गावात आला की आमची आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन उसात लपायची," त्या म्हणाल्या. "मी शाळेत होते, मला मास्तरांनी धरून ठेवलं, म्हणून माझ्या निघाल्या. धाकटा भाऊ घरी होता, तो राहिला. पुढच्या उन्हाळ्यात देवीनं नेला." बैठकीत कुणी काही बोललं नाही. बचतीचे पैसे मोजायचे तसेच राहिले.

त्या दिवशी आम्ही ठरवलं, ही सुई आपल्याकडे कशी आली आणि ती देणाऱ्या माणसांना कोण काय शिकवत आलं, हे शोधायचं. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, वाचली. त्यातलं आज तुम्हाला सांगतो.

आपल्या भाषेत या रोगाचं नावच देवी. अंगावर फोड उठले की घरात देवी आली म्हणायचं, फोडणी बंद करायची, दाराला कडुलिंबाचा पाला बांधायचा, शीतळादेवीला नवस बोलायचा. औषध नव्हतंच, तर बाई दुसरं काय करणार? आजीच्या आईला आम्ही अडाणी म्हणत नाही. तिला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर नावाच्या डॉक्टरांनी १७९६ साली गाईच्या देवीची लस एका मुलाला टोचली आणि माणसाच्या देवीपासून बचाव होतो हे दाखवलं. ही लस बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेनं मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतात लस घेतलेलं हे पहिलं लेकरू. तेव्हा ना फ्रीज होता, ना बर्फ. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव घेऊन दुसऱ्याला टोचायचा, त्याच्याकडून तिसऱ्याला. म्हणजे लस ठेवायचा डबा कोणता, तर लेकराचा दंड. ॲनाच्या दंडावरून निघालेली लस पुढे पुण्याला, सुरतेला, हैदराबादला आणि मद्रासला गेली.

आता विचार करा, अनोळखी माणूस येतो, एका घरच्या पोराच्या दंडातलं पाणी काढून दुसऱ्या घरच्या पोराला टोचतो. लोक बिचकणारच. त्यात जात आडवी आली. अमक्या जातीच्या पोराचं पाणी आमच्या पोराला नको, असं लोक म्हणत. ज्याच्या दंडातून काढायचं त्या बाळाला दुखायचं ते वेगळंच. शिवाय या पद्धतीत एकाचा दुसरा आजारही दुसऱ्याला लागायचा, म्हणजे ती भीती अगदीच खोटी नव्हती. पुढे वासरांच्या अंगावर लस तयार करायची पद्धत आली. आपल्या शेजारी बेळगावला अशी लस तयार करणारी संस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी राहिली.

सरकारनं १८८० साली लसीचा कायदा केला आणि काही शहरांत, छावण्यांत ती सक्तीची केली. कायद्यानं दंड करता येतो, पण विश्वास बसवता येत नाही. हे सगळ्यात कडवटपणे कळलं ते प्लेगच्या वेळी.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखणारे डॉक्टर ॲकेशियो व्हिएगास मूळचे गोव्याचे. लस शोधायला वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ रोजी तयार झालेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, ते सगळं त्यांनी सोसलं. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना दिली.

त्याच काळात पुण्यात काय चाललं होतं? रँडच्या हाताखालचे सोल्जर घरात शिरून रोगी शोधत होते, सामान बाहेर फेकत होते, बायकांची अब्रू राखत नव्हते. लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली. आणि त्याच पुण्यात आपल्या सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांना मुलगा डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. तो रोग त्यांना लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच साली, रोग्यापर्यंत पोहोचायच्या या दोन तऱ्हा होत्या. आम्हाला वाटतं, आरोग्याचं काम शिकणाऱ्या प्रत्येकाला या दोन्ही आधी सांगायला हव्यात.

पुढची हकीकत चिमट्याची आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ लोकांना प्लेगची लस दिली गेली. पाच बाटल्या उघडल्या होत्या. त्यातल्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचलं त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. दोष आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनांवर. त्यांना कामावरून दूर केलं. पुढे चौकशीचे कागद नीट तपासले गेले तेव्हा दिसलं की, बाटली उघडायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्यानं तो औषधी पाण्यात नुसता बुचकळला आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि दुसऱ्या शास्त्रज्ञांनी हाफकिनांची बाजू घेतली, आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. मुंबईतल्या परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचं नाव दिलं, तीच आपली हाफकिन संस्था.

मैत्रिणींनो, हे वाचून आम्ही बराच वेळ त्या मदतनिसाचा विचार करत होतो. तो काही दुष्ट नव्हता. चिमटा पडला की उकळून घ्यायचा, तोवर थांबायचं, रांग कितीही लांब असो, एवढं त्याच्या अंगी बाणवलेलं नव्हतं. १९ माणसं गेली, एका शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षं गेली. हे सगळं तेवढ्यासाठी.

देवीचा शेवट मात्र आनंदाचा आहे, आणि तोही शिकवणीमुळेच. जुन्या पद्धतीत दंडावर एक हत्यार टेकवून गोल फिरवायचे, लेकरं किंचाळायची. आजींचे वण त्याचेच. मग दोन टोकांची साधी सुई आली. ती लसीत बुडवायची आणि दंडावर भराभर पंधरा वेळा टोचायची. कमी शिकलेला माणूसही ती थोड्या वेळात वापरायला शिकत असे. १९६७ पासून जगभर जोर लावला गेला. नुसतं टोचत सुटण्यापेक्षा रोगी शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूच्या घरांना आधी लस द्यायची, हे तंत्र ठरलं. कर्मचारी देवी आलेल्या बाळाचं चित्र हातात घेऊन घराघरात, बाजारात, शाळेत विचारत फिरले, "असं कुणाला झालंय का?" खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवलं. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला. १९७७ साली भारत आणि १९८० साली सगळं जग देवीमुक्त झालं. म्हणून आपल्या दंडावर तो वण नाही.

त्याच सुमारास आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेडला, वेगळंच काम चाललं होतं. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं. त्यांनी गावागावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी बायका निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. शिक्षण एकदा देऊन थांबले नाहीत. बायका पुन्हा पुन्हा जामखेडला येत, गावात काय घडलं ते सांगत, एकमेकींकडून शिकत. ज्या बाईच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं, तिच्याच हाती बाळंतिणी आपलं लेकरू देऊ लागल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढचं आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. १९७८ साली देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला, १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला. १९९५ पासून पल्स पोलिओ आला. 'दो बूंद' आपल्या सगळ्यांना पाठ. १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओच्या नैसर्गिक (रानटी) विषाणूचा नवा रोगी सापडला नाही आणि २०१४ साली तसा दाखला मिळाला. २००५ नंतर आशाताई आल्या. तेव्हा त्यांच्या पहिल्या वर्षात २३ दिवसांचं प्रशिक्षण ठरवलेलं होतं, तेही एका दमात नव्हे, पाच टप्प्यांत. म्हणजे शिका, गावात काम करा, अडलेलं घेऊन परत या. जामखेडच्या बायका तेच करत होत्या.

पण चिमटा अजून पडतोच. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात एका गावात पोलिओच्या डोसऐवजी १२ बाळांच्या तोंडात हात धुवायचं सॅनिटायझर गेलं. बाळं वाचली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कारवाई करावी लागते, पण आम्हाला प्रश्न पडतो, बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय हात पुढे करायचा नाही, ही सवय लावायला त्यांच्याजवळ किती वेळ कोण बसलं होतं?

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही सिस्टरबाईंना गटाच्या बैठकीला बोलावलं. लसीकरणाचा दिवस सोडून, म्हणजे घाई नको. त्या वयानं लहान, कंत्राटी, सांभाळायला चार गावं. आधी जरा धास्तावल्याच, बायका भांडायला बोलावतात की काय. चहा झाल्यावर मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "टोचायचं मला नीट शिकवलंय. चार निरोप सांगायचेत हेही कागदावर आहे. पण रडणारं बाळ, भांबावलेली आई आणि मागे रांग, अशात ते सांगायचं कसं, ते कुणी करून दाखवलं नाही. उजळणी झाली ती एका दिवसाची. अर्धा दिवस रजिस्टरात गेला."

त्यांनी डबा उघडून दाखवला. लस २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवायची. काही लसी गोठल्या तर वाया जातात, म्हणून नुसतं जास्त थंड म्हणजे चांगलं, असंही नाही. बाटलीवर गोलात एक चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्ही सारखे गडद झाले की बाटली टाकून द्यायची. गोवर-रुबेलाची लस एकदा कालवली की चार तासांच्या आत वापरायची. आमच्या बायकांनी बाटली हातोहात फिरवून पाहिली. ज्या सासूबाई म्हणाल्या होत्या "आजारी पाडलं", त्यांनी चष्मा लावून सगळ्यात जास्त वेळ पाहिली.

आणि ते चार निरोप आम्ही सगळ्यांनी पाठ केले. तुम्हीही करा. आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगासाठी. तिच्यानं ताप, सूज असा काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं. पुढच्या लसीला कधी यायचं. कार्ड जपून ठेवायचं आणि येताना आणायचं. सुई दिल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं. टोचलेल्या जागी चोळायचं नाही, हळद-चुना काही लावायचं नाही. तापाचं औषध सिस्टर सांगतील तेवढंच द्यायचं. ताप उतरत नसेल, बाळ फार सुस्त वाटत असेल तर थेट दवाखाना गाठायचा. आणि तारीख चुकली म्हणून घरी बसायचं नाही, उशिरा का होईना, राहिलेला डोस घ्यायचा.

आता लसीकरणाच्या दिवशी आमच्या गटातल्या दोघी अंगणवाडीत पाळीनं बसतात. सिस्टर टोचतात, त्या अर्ध्या तासात आमच्या बायका आईजवळ बसून चार निरोप सांगतात, आणि मग आईलाच म्हणून दाखवायला लावतात. राहिलेल्या नऊ बाळांपैकी पुढच्या महिन्यात सात आली. दोन अजून आलेली नाहीत. त्यांच्या घरी आमचं जाणं-येणं चालू आहे, भांडण न करता.

मात्र हे काम आम्ही फुकटात करतो म्हणून शिक्षणाची जबाबदारी कुणाच्या अंगावरून उतरत नाही. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या बैठकीत आम्ही लेखी मागितलंय की, सिस्टर आणि आशाताईंची उजळणी वर्षातून एकदा उरकू नये, ती वरचेवर व्हावी, आणि त्यात बोलण्याचा सराव असावा. अर्जाची पोच आमच्याकडे आहे. तुमच्याही गावात मागा.

त्या बैठकीनंतर आजींनी आमच्याकडून एक काम करून घेतलं. नातसुनेच्या बाळाचं कार्ड त्यांना वाचता येत नाही. त्यांनी आम्हाला पुढची तारीख विचारली आणि कॅलेंडरवर त्या दिवसाला कुंकवाचं बोट टेकवलं.

तुमच्या घरचं कार्ड आज काढून बघा.