कराची ते मुंबई : अंतराचा हिशेब

दोन शहरांमधील अंतर किती, असा प्रश्न निघाला म्हणजे आपण नकाशा उघडतो अथवा विमानाचे वेळापत्रक पाहतो. अंतर ही भूगोलाने एकदाच ठरवून दिलेली वस्तू आहे, अशी आपली समजूत असते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. तिचा पडताळा घेण्यास दूर जावयास नको. अंबरनाथच्या बुवापाड्याहून उल्हासनगर जवळच आहे, आणि त्या नगराचा जन्म सिंधहून मुंबईकडे येणाऱ्या वाटेवर झाला आहे.

कराची आणि मुंबई यांमधील सरळ अंतर सुमारे पावणेनऊशे किलोमीटर. 1847 पासून 1936 पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. म्हणजे ही दोन्ही एकाच इलाख्याची बंदरे होती. त्यांच्या दरम्यान आगबोटी चालत. मालाबरोबर माणसांचीही ये-जा असे. नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ तेथील शिक्षणखात्यात होते. त्यांच्या नावाची शाळा कराचीत आजही उभी आहे.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानातून कराचीहून टपाल आणले. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून, वाटेत अहमदाबादेस उतरून, दुपारी दोनच्या आत ते जुहूस पोहोचले. सात-सव्वासात तासांचा हा प्रवास भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ मानला जातो.

पुढे पंधराच वर्षांत फाळणी झाली. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल उसळली आणि सिंधी हिंदूंचा ओघ वाढला. कोणी बोटीने मुंबईस उतरले, कोणी राजस्थानमार्गे रेल्वेने आले. कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकींत लाखाच्या घरात माणसे राहू लागली. 1949 मध्ये त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी कँपचे क्रमांक लोकांच्या बोलण्यातून अजून गेलेले नाहीत. या माणसांच्या लेखी कराची किती दूर गेली, हे मैलांत सांगता येत नाही.

परंतु आकडेही पुरेसे बोलके आहेत. आजच्या जेट विमानास हे अंतर तोडण्यास दीड तास पुरावा. तथापि दोन्ही शहरांमध्ये थेट विमान नाही. दुबईमार्गे जावे तर पावणेनऊशेचे तीन हजारांहून अधिक किलोमीटर होतात, आणि दुबईतील खोळंबा धरता 1932 च्या त्या चिमुकल्या विमानाइतका, किंबहुना अधिकच, वेळ लागतो. 1982 मध्ये वयाच्या 78 व्या वर्षी टाटांनी तोच कराची-मुंबई प्रवास स्वतः विमान हाकून पुन्हा केला. तेव्हा आकाश तेवढे मोकळे होते. 2025 च्या एप्रिलात उभय देशांनी एकमेकांच्या विमानांस आपले आकाशही बंद केले.

यंत्रांनी पृथ्वी लहान केली, असे आम्ही महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. यंत्र वेग देते. वाट देणे वा अडविणे माणसाच्या हाती राहते. ज्या प्रवासास आमच्या आजोबांच्या काळी केवळ तिकीट पुरे होई, त्यास आज परवाना लागतो व तोही सहसा मिळत नाही. उल्हासनगरातील एखाद्या वृद्धेस आपले जन्मगाव पुन्हा पाहावेसे वाटले, तर तिला पावणेनऊशे किलोमीटरांचा हिशेब सांगून काय उपयोग?