टॅब रूम : जोड्या लावणाऱ्या खोलीचा इतिहास

अमेरिकेतील हायस्कूल वादविवाद स्पर्धांत कोणता संघ कोणाशी भिडणार, कोणत्या वर्गात, कोणत्या परीक्षकासमोर आणि शेवटी बाद फेरीत कोण जाणार, हे ज्या खोलीत ठरते तिला टॅब रूम म्हणतात. ‘टॅब’ हे ‘टॅब्युलेशन’चे, म्हणजे कोष्टक मांडण्याचे लघुरूप. मराठी वाचकाला हा शब्द अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडच्या शालेय वादविवाद स्पर्धेत बहुधा सर्व वक्ते एकाच परीक्षक मंडळासमोर बोलतात आणि गुणांवरून क्रमांक लागतात. तिथे फक्त बेरीज करावी लागते. अमेरिकेत एकाच वेळी पन्नास-साठ वर्गांत वाद चालू असतात आणि प्रत्येक वर्गाचा निकाल पुढच्या फेरीच्या जोड्या बदलतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही खोली नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. दोन शाळा एका संध्याकाळी गावकऱ्यांसमोर उभ्या राहत, एक सामना होई आणि पाहुणा संघ घरी परते. एकाच प्रवासात अनेक सामने खेळता यावेत म्हणून स्पर्धांची कल्पना रुजली. कॅन्ससमधील विनफिल्ड येथील साउथवेस्टर्न कॉलेजात 1923 मध्ये भरलेली महाविद्यालयीन स्पर्धा या प्रकारातील आद्य स्पर्धांपैकी एक मानली जाते. 1925 मध्ये विस्कॉन्सिनमधील रिपन येथे ब्रुनो जेकब यांनी नॅशनल फोरेन्सिक लीग स्थापन केली आणि 1931 मध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा रिपन कॉलेजातच झाली.

स्पर्धा आली, तसा हिशेबाचा प्रश्नही आला. साठ संघांनी प्रत्येकाशी एकेकदा वाद घालायचा म्हटले, तर 1770 सामने होतात. शनिवार-रविवारात प्रत्येक संघाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा फेऱ्या येतात. बुद्धिबळाने यावर आधीच उत्तर शोधले होते. 1895 मध्ये झुरिक येथे वापरलेल्या स्विस पद्धतीत समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर बसवले जातात. वादविवादातली पद्धत हिच्याच जातीची आहे. पहिल्या एक-दोन फेऱ्यांच्या जोड्या आधी लावून ठेवतात, मग तीन विजयवाला तीन विजयवाल्याशी, दोनवाला दोनवाल्याशी. एका गटात आठ संघ असतील तर वक्तृत्वगुणांनुसार त्यांचा क्रम लावून पहिल्याची गाठ आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी घालतात. चांगली कामगिरी करणाऱ्याला त्यामुळे थोडी सोपी वाट मिळते. हे योग्य की अयोग्य, यावर प्रशिक्षकांत अजूनही दोन मते आहेत.

अडचण असते ती अटींची. एकाच शाळेचे दोन संघ भिडू नयेत. आधी भेटलेले पुन्हा भेटू नयेत. परीक्षकाने आपल्या शाळेचा वाद ऐकू नये. विषयाच्या बाजूने आणि विरोधात बोलण्याची संधी प्रत्येकाला सारखी मिळावी. गटात संघ विषम झाले तर खालच्या गटातला एक वर ओढायचा आणि एकूण संख्याच विषम असेल तर कोणाला तरी पुढे चाल द्यायची.

संगणकापूर्वी हे सारे टेबलावर पसरलेल्या कार्डांवर चाले. प्रत्येक संघाचे एक कार्ड. त्यावर कोणाशी वाद झाला, कोणती बाजू होती, परीक्षक कोण, जिंकला की हरला, गुण किती. विजयांप्रमाणे कार्डांच्या रांगा लावायच्या, समोरासमोर जोड्या मांडायच्या, मग प्रत्येक जोडीवर परीक्षकाचे कार्ड ठेवायचे. शेवटच्या जोडीत एकाच शाळेचे दोन संघ उरले की वरच्या दोन-तीन जोड्या मोडून पुन्हा बसवायच्या. बाहेर मार्गिकेत मुले भिंतीवर तक्ता लागण्याची वाट पाहत असत. अनुभवी प्रशिक्षकाला या खोलीत मान होता, तो या हातोटीमुळे.

निकालपत्रिका हातात आली की ती तपासणे हे दुसरे कौशल्याचे काम. परीक्षक विजेता लिहितो आणि प्रत्येक वक्त्याला वेगळे गुणही देतो. कधी हरलेल्या संघाचे गुण जिंकलेल्यापेक्षा जास्त असतात. नियमाला ते मान्य आहे, कारण गोड बोलणारा युक्तिवादात हरू शकतो. पण परीक्षकाने घाईत बाजूंची अदलाबदल केली असण्याचाही संभव असतो. म्हणून अशी पत्रिका तशीच नोंदवत नाहीत. परीक्षकाला गाठून विचारतात. एका चुकीच्या नोंदीने दोन संघ भलत्याच गटात जातात आणि पुढच्या फेरीत त्यांचे प्रतिस्पर्धीही.

1970 नंतर या अचूकतेची किंमत वाढली. केंटकी विद्यापीठात 1972 पासून टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स भरू लागली. तिथे जाण्याची पात्रता देशभरच्या ठरावीक स्पर्धांतील बाद फेऱ्यांतून मिळते. समान विजय असलेल्या संघांत कोण वर, हे मग नुसते कुतूहल राहिले नाही. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्यांची बेरीज, प्रतिस्पर्ध्यांचे एकूण विजय, अशा कसोट्या वापरात आल्या. दोघांच्या संघांच्या धोरणविषयक वादाबरोबर 1980 च्या सुमारास एकास एक लिंकन-डग्लस वाद आणि 2002 पासून पब्लिक फोरम हे प्रकार आले. एका खोलीत तीन वेगळ्या स्पर्धांचा हिशेब सुरू झाला. पुढे संघांनी परीक्षकांचा पसंतीक्रम देण्याची पद्धत महाविद्यालयांतून हायस्कुलांत उतरली. मुलांना विषय जाणणारे परीक्षक मिळू लागले, हा तिचा लाभ. परीक्षकांची नावेही ठाऊक नसलेल्या नव्या, लहान शाळा मात्र मागे पडल्या आणि हा तोटा लहान नाही.

कार्डांची जागा घेणाऱ्या संगणकीय प्रणालींत बेलर विद्यापीठातील प्राध्यापक रिच एडवर्ड्स यांची ‘टॅब रूम ऑन द पीसी’ फार वापरली गेली. तासाभराचे काम मिनिटांवर आले, तरी कागदी पत्रिका वर्गावर्गांतून गोळा करणारी मुले धावतच होती. ती धावपळ थांबवली ‘टॅबरूम डॉट कॉम’ने. हे संकेतस्थळ पुढे लीगच्या छत्राखाली आले आणि लीगने 2014 मध्ये नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन हे नाव घेतले. आता परीक्षक वर्गातूनच निकाल भरतो आणि भिंतीवरचा तक्ता मुलांच्या फोनवर येतो. याचा खरा लाभ वेगापेक्षा उघडेपणाचा आहे. पूर्वी बंद दाराआडच्या जोड्यांविषयी कुजबूज होई. आता शाळांना नोंदी पडताळून पाहता येतात.

2020 मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा ऑनलाइन झाली. टॅब रूम चालवणारेही तेव्हा आपापल्या घरी होते. नंतर स्पर्धा शाळांत परतल्या आणि ही माणसेही पुन्हा एका खोलीत बसू लागली. जोड्या आज संगणक लावतो. आयत्या वेळी न आलेल्या परीक्षकाच्या जागी कोणाला पाठवायचे, हे मात्र अजून त्यांनाच ठरवावे लागते.