वऱ्हाडातील विश्वास-मिशन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला हे न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्प्सन यांच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे वऱ्हाडातील महत्त्वाचे केंद्र बनले, आणि अमरावतीतही तिचे काम चालू झाले. ही संस्था 'विश्वास-मिशन' परंपरेतील होती. म्हणजे धर्मसेवकांना ठरावीक पगाराची हमी न देता, गरजेपुरते ईश्वर पुरवील या भरवशावर ती चालत असे. सौम्य आणि लीन असलेल्या ख्रिस्तापाशी थकलेल्यांना विसावा मिळतो, ही मत्तयच्या शुभवर्तमानातील शिकवण येथे उपदेशापुरती न राहता जमाखर्चातही उतरली. अर्थात इंग्रजी राज्याचे संरक्षण पाठीशी असल्याने ईश्वरावरचे हे अवलंबन संपूर्ण नव्हते. या संस्थेतर्फे अकोल्यात राबलेल्या जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरील पुस्तक १९०० मध्ये पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह निघाले, आणि केडगावचे रमाबाईंचे मुक्ती मिशनही प्रार्थनेच्या याच भरवशावर उभे होते.